अनुवाद, तर्जुमा, भाषांतर : शब्दांचा इतिहास आणि अधिकाराचा प्रश्न

भाषांतरविचार हा पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग झाल्यापासून मराठीत एक त्रिविध वर्गीकरण चांगलेच रुळले आहे. मुळाशी शब्दशः निष्ठा राखते ते भाषांतर, मुळाचा भाव आपल्या भाषेत पुन्हा साकार करतो तो अनुवाद आणि मुळातील स्थळ, काळ, पात्रे बदलून घेते ते रूपांतर, असे हे वर्गीकरण होय. अध्यापनाला ते सोयीचे आहे. प्रश्नपत्रिकेला तर त्याहून सोयीचे आहे. परंतु या शब्दांचा इतिहास पाहू लागताच त्याचा पाया ढासळू लागतो. 'अनुवाद' या शब्दाच्या दीर्घ आयुष्यात 'भावानुसारी भाषांतर' हा अर्थ अगदी अलीकडचा आहे, आणि 'भाषांतर' या शब्दाच्या घडणीत शब्दनिष्ठेचा काहीही संकेत नाही. हे शब्द ज्या काळात घडले त्या काळी त्यांच्यापुढे निष्ठेच्या कमीअधिक मात्रेचा प्रश्न मुख्यत्वे नव्हताच. कोणी, कोणाच्या मागून, कोणासमोर आणि कोणत्या अधिकाराने बोलावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

'अनु' म्हणजे मागून आणि 'वद्' म्हणजे बोलणे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादातील तिसऱ्या सूत्रात हा शब्द येतो. वेदशाखांची नावे द्वंद्व समासात केव्हा एकवचनी होतात हे तेथे सांगायचे आहे, आणि त्यासाठी 'अनुवाद' असण्याची अट घातलेली आहे. काशिकावृत्तीने त्याचा खुलासा केला आहे तो असा : जी गोष्ट अन्य प्रमाणाने आधीच कळलेली आहे तिचे केवळ शब्दाने कथन करणे म्हणजे अनुवाद. येथे दोन भाषांचा संबंध नाही. आहे तो आधी आणि नंतर यांचा.

मीमांसकांनी या कल्पनेला वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयात महत्त्वाचे स्थान दिले. जे अन्यथा कळणार नाही ते सांगणारे वाक्य म्हणजे विधी. जे आधीच ठाऊक आहे ते पुन्हा सांगणारे वाक्य म्हणजे अनुवाद. अग्नी हा थंडीवरचा उपाय आहे, हे त्याचे परंपरागत उदाहरण. हे कळायला वेदाची गरज नाही. म्हणजे मीमांसेच्या लेखी अनुवादाला स्वतःचे प्रामाण्य नाही. ते विधीकडून उसने घेतलेले असते. न्यायसूत्रांत मात्र या शब्दाची बाजू घेतलेली दिसते. अनुवाद आणि पुनरुक्ती यांत फरक तो काय, अशी शंका पूर्वपक्षाने उपस्थित केली आहे. तिला मिळालेले उत्तर मार्मिक आहे. चालणाऱ्याला 'लवकर जा, लवकर जा' असे दोनदा म्हटले तर दुसरे 'लवकर' व्यर्थ ठरत नाही. त्याने गती वाढते. पुनरुक्ती निष्प्रयोजन असते, अनुवाद सप्रयोजन असतो. आजच्या भाषांतरमीमांसेत भाषांतराला दुय्यम मानण्याविरुद्ध जो युक्तिवाद केला जातो, त्याचे बीज या लहानशा दृष्टांतात आहे. दुर्दैवाने त्याची आठवण क्वचितच काढली जाते.

मराठीत हा शब्द 'उच्चार', 'बोलणे', 'प्रत्युत्तरादाखल बोलणे' अशा अर्थच्छटा घेऊन येतो. ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या, विठ्ठलाला 'कानडा' म्हणणाऱ्या सुप्रसिद्ध अभंगात शब्दावाचूनच्या संवादाच्या जोडीने 'अनुवादु' आलेला आहे, आणि दुसरे कोणी नसताना तो कसा व्हावा असे आश्चर्य तेथे व्यक्त झाले आहे. अनुवादाला 'दुजे' लागते. हा अभंग कानडी आणि मराठी यांच्या सीमेवरच्या देवाविषयी आहे हे ध्यानात घेतले की आजच्या वाचकाला येथे भाषांतराचा अर्थ दिसू लागतो. तो मोह आवरायला हवा. त्या ओळीतला 'अनुवादु' भाषेच्या अलीकडचा आहे, दोन भाषांच्या मधला नाही.

मग संस्कृतातून मराठीत आणण्याच्या कर्माला त्या काळी काय म्हणत? ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ चा निर्देश करणाऱ्या ओवीत ग्रंथाला 'टीका' म्हटले आहे. भाष्यकारांना वाट विचारीत आपण चाललो आहोत अशी भूमिकाही ग्रंथात आहे. टीकाकाराला मूळ ग्रंथ श्रोत्यांपुढून हटवायचा नसतो. तो उपस्थित आहे असे धरून त्याच्याभोवती बोलायचे असते. म्हणूनच सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या तरी 'मुळात नसलेले घातले' असा आक्षेप या प्रकाराला लागू होत नाही. एकनाथांचे भागवतही याच वाटेने गेले. याउलट वामनपंडितांची 'समश्लोकी' ही संज्ञा मापाची आहे : श्लोकास श्लोक. यथार्थदीपिका ही टीका आणि समश्लोकी गीता, दोन्ही वामनपंडितांच्याच. एकाच मुळाशी दोन वेगळे संबंध जोडता येतात आणि त्यांना दोन वेगळी नावे लागतात, याचे भान सतराव्या शतकातील एका कवीला होते. या दोन्हींच्या आड सामान्य बोलण्यातला प्रयोग होता तो 'प्राकृत करणे', 'मराठी करणे' असा. त्यात वाहून नेण्याची प्रतिमा नाही, घडवण्याची आहे.

या संदर्भात महानुभावांच्या स्मृतिस्थळातील प्रसंग विसरता येत नाही. केशिराजबास संस्कृतज्ञ होते. त्यांनी संस्कृतात रचनाही केली होती. त्यापुढे संस्कृतात आणखी लिहिण्याचा विचार निघाला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, कारण त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या बायका वंचित होतील. मराठीतून संस्कृतात जाणे हे उन्नयन, असे समजणाऱ्या काळात ही मनाई झाली. कोणत्या शब्दाने कोणता शब्द साधावा याविषयी आचार्य काहीच बोलत नाहीत. ऐकणारे कोण, एवढेच विचारतात.

'छाया' हा आणखी एक शब्द. प्राकृत वचनाखाली त्याचे संस्कृत रूप देण्याची जी पद्धत नाटकांच्या आणि प्राकृत काव्यांच्या आवृत्त्यांतून दिसते, तिचे हे नाव. गाथासप्तशतीसारखा महाराष्ट्री प्राकृतातील ग्रंथ अनेकांनी या छायेच्या आधारानेच वाचला. छाया मुळाला चिकटून असते, मुळाच्या आकाराची असते आणि मूळ नसेल तर नसते. एकमेकींच्या इतक्या जवळच्या दोन भाषांसाठी याहून नेमका शब्द सुचणे कठीण. अर्थात या नावात एक गंमतही आहे. ज्येष्ठ भाषेला सावली आणि कनिष्ठ भाषेला वस्तू ठरवणारा हा बहुधा एकमेव तांत्रिक शब्द असावा.

कोल्हापूरच्या विद्याव्यवहारात या सगळ्या संबंधांचे सहअस्तित्व दाखवणारा एक ग्रंथ आहे. राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे प्राध्यापक असलेल्या आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी कुंदकुंदाचार्यांच्या 'प्रवचनसारा'ची चिकित्सक आवृत्ती १९३५ मध्ये सिद्ध केली. उपाध्ये मूळचे बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे. कानडी आणि मराठी दोन्हींच्या अंगणात वाढलेले. या आवृत्तीत प्राकृत गाथा आहेत, अमृतचंद्र आणि जयसेन यांच्या संस्कृत टीका आहेत, पांडे हेमराज यांची हिंदी टीका आहे आणि स्वतः उपाध्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर आहे. एकाच बांधणीत चार भाषा आल्या, पण त्यांचे मुळाशी असलेले नाते चार वेळा एकच नाही. अमृतचंद्र गाथेचे तत्त्व उलगडतात आणि ती वाचकासमोर आहे असे धरून चालतात. हेमराज संस्कृत न जाणणाऱ्या श्रावकासाठी बोलतात. उपाध्यांचे इंग्रजी अशा वाचकासाठी आहे, ज्याला गाथा कधीच वाचता येणार नाही आणि ज्याचा जैन धर्माशी संबंध केवळ अभ्यासाचा आहे. या शेवटच्या वाचकाचा जन्म हाच आधुनिक भाषांतरकल्पनेचा जन्म होय. मुळाच्या जागी बसणारा मजकूर त्याला हवा असतो. मुळाशेजारी बसणारा चालत नाही.

येथे एका प्रचलित मताची दखल घेणे आवश्यक आहे. इंग्रजपूर्व भारतात भाषांतर नव्हतेच, होत्या त्या केवळ टीका आणि पुनःकथने, असे अलीकडे आग्रहाने मांडले जाते. साहित्याच्या आणि धर्मग्रंथांच्या मर्यादेत त्यात तथ्य आहे. पण भाषाव्यवहार म्हणजे केवळ साहित्य नव्हे. मराठ्यांच्या दरबारात फार्सी पत्रव्यवहार सांभाळणारा अधिकारी होता. फार्सीनवीस या पदनामाचे झालेले 'पारसनीस' हे रूप आजही आडनावात टिकून आहे. या दफ्तरी व्यवहाराचा शब्द 'तर्जुमा'. त्याची वंशावळ दीर्घ आहे. अक्कादी भाषेत दुभाष्याला 'तरगुमान्नु' म्हणत. अरमाईकात हिब्रू धर्मग्रंथाच्या लोकभाषेतील रूपाला 'तारगुम' हे नाव मिळाले. अरबीत 'तर्जमा' झाला आणि फार्सीमार्गे तो दख्खनेत उतरला. अरबीत या शब्दाचा आणखी एक अर्थ चरित्रवृत्तान्त असाही आहे. एखाद्या माणसाचे आयुष्य लिहून काढणे हाही त्याचा तर्जुमाच, ही कल्पना आपल्याकडे मात्र आली नाही. मराठीने फक्त दफ्तरी अर्थ उचलला. तहनाम्याचा, फर्मानाचा, अर्जाचा तर्जुमा चुकला तर मुलूख जाऊ शकतो. तेथे श्रोत्याच्या रसिकतेला वाव नाही. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी रचलेल्या राजव्यवहारकोशाचे मोल या पार्श्वभूमीवर पाहावे. सुमारे चौदाशे यावनी संज्ञांना दहा वर्गांत संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश तर्जुम्याच्या सोयीसाठी रचलेला नाही. तर्जुमा करण्याची गरजच उरू नये, सत्तेची भाषा आपलीच असावी, हा त्यामागचा हेतू आहे. त्यातले बहुतेक प्रतिशब्द रुळले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तोंडी तर्जुमा करणारा तो दुभाषी. मुंबईच्या पारशी समाजातले 'दुभाष' हे आडनाव त्याच व्यवसायाचे. व्यापारात आणि राजकारणात दुभाष्यावाचून पान हलत नसे, आणि तरीही त्याच्यावर पूर्ण विश्वास कोणी टाकत नसे. दोन्ही भाषा जाणणारा तो एकटा असल्यामुळे त्याचे बोलणे पडताळता येत नसे. निष्ठेचा प्रश्न भाषांतराला चिकटला तो मुख्यत्वे या दारातून; काव्यशास्त्राच्या दारातून नव्हे.

'भाषांतर' हा शब्द घडणीने संस्कृत आहे : 'अन्य भाषा'. देशांतर, वेषांतर, मतांतर या पंक्तीतला हा समास मुळात क्रिया सांगत नाही, वेगळेपण सांगतो. 'भाषांतर करणे' म्हणजे 'दुसरी भाषा करणे', म्हणजे पुन्हा ते जुने 'मराठी करणे'च. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी संज्ञेचा प्रतिशब्द म्हणून तो पुढे आला तेव्हा त्या संज्ञेची लॅटिन पूर्वपीठिका त्याच्या पाठीवर लादली गेली. लॅटिन 'त्रान्स्लातिओ' म्हणजे वाहून नेणे. बिशपची एका धर्मपीठावरून दुसऱ्यावर बदली झाली की तिला हाच शब्द; संताचे अवशेष एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी मिरवत नेले की त्यालाही हाच शब्द. सेंट फ्रान्सिस झेवियरचे १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ निधन झाले. त्याचा देह मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आणला गेला. चर्चच्या परिभाषेत ही एक 'त्रान्स्लातिओ'च होती. देह तोच राहतो, जागा बदलते. अर्थ तोच राहतो, भाषा बदलते, हे युरोपीय गृहीतक या प्रतिमेतून आलेले आहे.

आपल्याकडे अशा प्रसंगाची भाषा वेगळी आहे. आक्रमणाच्या काळात लपवून ठेवलेली करवीरच्या अंबाबाईची मूर्ती १७१५ मध्ये देवळात परत आली, असे परंपरा सांगते. या घटनेला मराठीत कोणी मूर्तीची वाहतूक म्हणत नाही, पुनःप्रतिष्ठापना म्हणतात. मूर्ती हलली हे गौण. तिच्यात देवत्वाचे पुन्हा आवाहन करावे लागले, हे मुख्य. भाषांतराचे रूपक म्हणून प्रतिष्ठापनेचा विचार झाला असता तर मराठी भाषांतरमीमांसा वेगळी घडली असती. तो झाला नाही. 'उतारा' या शब्दाचेही तसेच. उतरणे, उतरवून घेणे या क्रियांतून आलेल्या या शब्दाला जागा बदलण्याची आणि नक्कल करण्याची, दोन्ही छटा होत्या. मराठीत तो सातबाराला आणि विषाला जोडला गेला, आणि परीक्षेत 'पुढील उताऱ्याचे भाषांतर करा' या सूचनेत भाषांतराच्या उंबरठ्यावर थांबला.

या काळातील स्थित्यंतर दक्षिणेच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. पेशवाईत दक्षिणा मिळे ती परंपरागत विद्या मुखोद्गत असणाऱ्या वैदिकांना आणि शास्त्र्यांना, म्हणजे मूळ अर्थाने अनुवादाला. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी अर्ज करून या निधीतील भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवण्याची मागणी केली, आणि १८५१ पासून दक्षिणा प्राइज कमिटी मराठी ग्रंथांना, त्यांत मोठ्या प्रमाणावर भाषांतरांना, पारितोषिके देऊ लागली. मागून म्हणण्यासाठीचा पैसा दुसऱ्या भाषेत आणण्यासाठी खर्च होऊ लागला. शाळाखात्यात भाषांतरकार हे पदच निर्माण झाले. मेजर कँडींच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकांनी मराठी गद्याला जे वळण दिले ते सर्वश्रुत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनीही १८६६ मध्ये काही काळ सरकारी भाषांतराचे काम केले, आणि त्यानंतर थोड्याच अवधीत ते कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश झाले. वि. का. राजवाड्यांनी १८९४ मध्ये मासिक काढले तेव्हा त्याचे नावच 'भाषांतर' ठेवले आणि प्लेटोचे 'रिपब्लिक' त्यात मराठीत आणले. राजवाड्यांसारख्या शब्दांच्या व्युत्पत्तीत रमणाऱ्या माणसाने 'अनुवाद' हा शब्द निवडला नाही, हे लक्षणीय आहे.

तो शब्द नव्या अर्थाने परतला विसाव्या शतकात, आणि त्यात हिंदी व इतर भारतीय भाषांतील वापराचा वाटा मोठा आहे. साहित्य अकादमीचे अनुवाद पुरस्कार १९८९ पासून दिले जाऊ लागल्यावर त्याला संस्थात्मक प्रतिष्ठाही लाभली. 'भाषांतर' शाळेचे आणि कचेरीचे, 'अनुवाद' साहित्याचा, अशी वाटणी यानंतर पक्की झाली, आणि मग तिला सिद्धान्ताचे रूप देण्यात आले. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा 'ऑथेल्लो' आणि देवलांचा 'झुंझारराव' यांतील भेद या वाटणीने सांगता येतो, हे खरे. पण ते भेदाचे वर्णन झाले. भेद का पडला हे त्यातून कळत नाही.

या मांडणीची कसोटी पाहावी असा इतिहास खुद्द कोल्हापुरात घडलेला आहे. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो हे उघड झाले, आणि त्यातून उठलेल्या वादाने महाराष्ट्र ढवळून निघाला. या प्रकरणाची सामाजिक बाजू पुष्कळ अभ्यासली गेली आहे. भाषेच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट मात्र सहसा नजरेतून सुटते. वेदोक्त आणि पुराणोक्त, दोन्ही मंत्र संस्कृतच. घाटावर उभ्या असलेल्या बहुतेकांना दोन्हींचा अर्थ सारखाच अगम्य. स्नानही तेच, संकल्पही तोच. 'अर्थ पोचला की नाही' या निकषाने पाहिले तर भांडायला कारणच नव्हते. तरीही भांडण झाले, आणि ते अगदी योग्य कारणासाठी झाले. कोणासाठी कोणता शब्द उच्चारला जावा, हा त्याचा विषय होता. पुरोहिताने सांगावे आणि यजमानाने मागून म्हणावे, हा अनुवादाचा सर्वांत मूळ आणि शब्दशः प्रकार. हक्क मागितला जात होता तो त्यातला.

त्याच नगरीत दुसरी वाट निघाली. ११ जानेवारी १९११ रोजी कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. भास्करराव जाधव तिचे अध्यक्ष होते. जोतीराव फुल्यांनी १८८७ मध्येच मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींचे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले होते. जाधवांचे 'घरचा पुरोहित' हे पुस्तक त्याच परंपरेतले. ही पुस्तके वर्गीकरणाच्या कोणत्या कप्प्यात घालायची? संस्कृत मंत्रांची ती भाषांतरे नाहीत, कारण जुना आशय फुल्यांनी मुद्दाम टाकून दिला आहे. भावानुवाद म्हणावे तर भावही बदललेला आहे : वधूवर एकमेकांना वचने देतात. रूपांतर म्हणावे तर ज्याचे रूपांतर झाले त्याची सत्ता मान्य करावी लागते, आणि तीच येथे नाकारलेली आहे. मीमांसकांची परिभाषा या ठिकाणी अधिक कामाला येते, हे जरा विचित्र वाटले तरी खरे आहे. अनुवादाला आधीचा विधी लागतो. फुल्यांनी विधीच बदलला. त्यामुळे मागून म्हणण्याचा प्रश्नच संपला. मांडव तोच राहिला, मंगलाष्टकांची चालही ओळखीची राहिली, आणि ज्याच्या मागून म्हणायचे तो मात्र उरला नाही.

शाहू महाराजांनी या दोन्ही वाटांना आश्रय दिला. सत्यशोधक पद्धतीचे पुरोहित तयार करणारी शाळा कोल्हापुरात १९१३ मध्ये सुरू झाली. १९२० मध्ये मराठा विद्यार्थ्यांना वैदिक विधी शिकवणारे श्री शिवाजी वैदिक विद्यालय निघाले, आणि त्याच वर्षी क्षात्रजगद्गुरूच्या पीठावर सदाशिवराव बेनाडीकर यांची नेमणूक झाली. एकीकडे मूळ मंत्र जसाच्या तसा, पण नव्या तोंडून; दुसरीकडे तोंड नवे आणि मंत्रही नवा, मराठी. इतिहासकारांनी यात विसंगती पाहिली आहे आणि राजकीय धोरण म्हणून तिचा उलगडाही केला आहे. भाषेच्या बाजूने पाहता हे दोन्ही प्रयत्न एकाच प्रश्नाला भिडलेले दिसतात. त्यांपैकी पहिल्याला मराठी समीक्षेच्या आजच्या परिभाषेत भाषांतराशी संबंधित कोणतेही नाव नाही, कारण त्यात भाषा बदललेलीच नाही; बदलला आहे तो केवळ म्हणणारा.